पालकांच्या रांगेतली खुर्ची

पांढरकवडा,
जुलै २००६

प्रिय अर्पिता,

सप्रेम जयभीम.

तुझे बाबा म्हणाले, फोन कर. पण फोनवर तू मध्येच हसशील नाहीतर रडशील, आणि माझं सांगणं शेवटपर्यंत जाणार नाही. म्हणून लिहायला बसले. ऐक, तुझी आई कॉलेजात जायला लागली! बी.ए. पहिलं वर्ष. बारावीनंतर लग्न झालं आणि शिकायचं राहिलं ते राहिलंच. तू नागपूरला गेल्यापासून घर खायला उठायचं. एक दिवस बाबाच म्हणाले, "तू काहून नाही शिकून राह्यली पुढं?"

गेल्या आठवड्यात नव्या मुलांचं स्वागत होतं. बाबा सायकलवर गेटपर्यंत सोडायला आले. मी सायकलचं कॅरिअर सोडेना, तर म्हणतात, "भिऊन काहून राह्यली? तुले काय सासरी पाठवून राह्यलो?" मागच्या वर्षी तुला हॉस्टेलात सोडलं तेव्हा मी वळून पाहिलं नव्हतं. तुला राग आला असेल. वळले असते तर तुला घेऊनच आले असते गं.

गेटवर बिल्ला लावलेली एक मुलगी गुलाब देत होती. मला पाहून म्हणाली, "काकू, पालक तिकडं बसलेत." मी गेले आणि पालकांच्या रांगेत बसले. चहासुद्धा घेतला! शेजारी झरीकडच्या सुखीबाई होत्या, लेकीला सोडायला आलेल्या. स्टेजवरून एकेकाचं नाव पुकारत होते. "शीला गोविंदा नगराळे." मी हलले नाही. पुन्हा पुकारलं. वाटलं, जाऊ दे, इथूनच घरी जावं. तेवढ्यात सुखीबाईंनी विचारलं, "तुमची पोरगी कोनती व्हय?" म्हटलं, "पोरगी नाही. आत्ता नाव घेतलं ना, ती मीच." त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला नि म्हणाल्या, "मंग बसली कायले? ऊठ ना वं बाई!"

उठले. पायरी चढताना साडीत पाय अडकला, पोरं हसली. माईक दिला, म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी म्हटलं, "माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरात ती माझी सीनिअर." तर पोरांनी शिट्ट्या मारल्या! ती बिल्लेवाली गुलाब घेऊन धावत आली, "सॉरी काकू… मॅडम…" आता सगळे शीलाताई म्हणतात. इंग्रजीचा तास अर्धा डोक्यावरून जातो, पण पहिल्याच बाकावर बसते.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या खोलीतली मोनाली काल घरी आली होती. तू टी.सी.साठी अर्ज दिलास म्हणे. गेल्या हंगामात कापूसच आला नाही आणि बाबांचं जिनिंगमधलं काम गेलं, हे तुला कुणी सांगितलं कोण जाणे. बाबा आता हायवेवर टायरच्या दुकानात जातात. रबराचा वास घेऊन येतात आणि आधी माझं पुस्तक उघडून बघतात. आमचं बरं चाललंय. खोटं नाही बोलत, तू येणार ऐकून मला आधी आनंदच झाला. तुझी चादर धुवायला काढली. मग घडी घालून परत ठेवली. तू आमच्यापायी शिकणं सोडलंस, तर मला त्या बाकावर बसवणार नाही, बेटा. अर्ज मागे घे. दिवाळीला ये, मन भरेस्तोवर राहा. पण परतीचं तिकीट काढूनच ये.

तुझीच,
आई