सहा गावांचा राखीव क्वार्टरबॅक

फ्रिस्को, टेक्सस
९ जुलै, गुरुवार

आदरणीय अंजनाताईस,

धाकट्या रत्नाचा सप्रेम जय भीम. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का, की अजून खालूनच तुला हाका मारतात? आम्ही तिघं इकडे ठीक. (व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं लिहिलं की तू न वाचता अंगठा पाठवतेस, म्हणून हा कागद.)

तू फोनवर विचारलंस की अनुप नेमकं करतो काय, कारण इंदोऱ्यात सगळे विचारतात आणि टीव्हीवर तो कुणाला दिसत नाही. दिसणार कसा? तुझा भाचा अमेरिकन फुटबॉलमधला व्यावसायिक क्वार्टरबॅक आहे. या खेळाला फुटबॉल म्हणतात, कारण त्यात चेंडू हाताने फेकतात. क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू आला की त्याने तीनेक सेकंदांत तो पळणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकायचा. तेवढ्यात समोरचे धिप्पाड बाप्ये त्याला जमिनीत गाडायला धावून येतात. हे झालं मुख्य क्वार्टरबॅकचं. आपला अनुप राखीव. तो रेषेबाहेर टोपी घालून, हातात संघाच्या डावपेचांचा टॅब्लेट धरून उभा राहतो आणि मुख्य खेळाडूला काही होऊ नये अशी इच्छा करतो. (असं तो म्हणतो. मी आई आहे, माझ्या इच्छा मी लिहून ठेवत नाही.)

आठ वर्षांत सहा गावं झाली. संघांची नावं कळवत नाही. बरीचशी जनावरांची आहेत, तुला वाटेल पोरगं सर्कशीत लागलंय. ऑगस्टच्या सुमाराला घेतात, पाठ थोपटतात, ‘तुझ्यात फार काही आहे’ म्हणतात. मग एका सकाळी निरोप येतो की कोच बोलावताहेत, येताना टॅब्लेट आण. टॅब्लेट परत घेतला की नोकरी संपली; तोंडाने ‘काढलं’ असं कुणी म्हणत नाही, माणसं सुसंस्कृत आहेत ना! एका गावात तर अकरा दिवस टिकला. आम्ही त्याचं घर लावून द्यायला कुकर आणि डाळी घेऊन उतरलो, तर चिरंजीव बॅगेसकट विमानतळावरच भेटले. म्हणाला, “Good timing, आई.”

आणि आता डिसेंबरातलं ऐक. सहावं गाव, नाक गळून पडेल अशी थंडी. मी आणि अरुण स्टेडियममध्ये. (नवरोबांना आठ वर्षांत नियम कळलेले नाहीत, शेजारचा उठला की उठतात, तो बसला की बसतात.) मुख्य क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला, दुसऱ्याला सकाळपासून ताप, आणि तिसरा म्हणजे आपला अनुप टोपी काढून मैदानात गेला. पहिला चेंडू त्याच्या हातून निसटला. दुसरा त्याने फेकलाच नाही, आणि दोघांनी मिळून त्याला लोळवलं. माझ्या मागे एक लाल जाकीटवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी वळले आणि म्हटलं, “He is my son.” त्याने टोपी काढली. मग अगदी नम्रपणे म्हणाला, “Ma'am, then please tell him to throw the ball.”

त्याचं म्हणणं मला पटलं, हे तुला म्हणून सांगते. मी उभी राहून ओरडले, “अरे फेक ना, मेल्या!” साठ हजार माणसांत त्याला काय ऐकू जाणार? तिसऱ्या वेळी त्याने फेकला, पण हातून सुटता सुटता एक माणूस अख्खा त्याच्या अंगावर पडला. चेंडू लांब गेला, आपल्याच गड्याने झेलला, टचडाउन झालं, म्हणजे त्यांच्यातला गोल. स्टेडियम नाचत होतं. लाल जाकीटवाला अरुणच्या गळ्यात पडला, त्याची बिअर माझ्या शालीवर. मी मात्र खाली बघत होते, कारण अनुप उठत नव्हता. ताई, तेवढा वेळ मी कधी मोजलेला नाही. शेवटी उठला, हात पोटाशी धरून.

संघ जिंकला. खांद्याचं ऑपरेशन झालं. मोसम संपल्यावर संघाने त्याचे मनापासून आभार मानले आणि करार वाढवला नाही. जानेवारीपासून तो आमच्या सोफ्यावर आहे. गेल्या आठवड्यात इथल्या एका हायस्कूलने त्याला कोच म्हणून बोलावलं. (इथल्या शाळांची स्टेडियमं बघितलीस तर विचारशील, वर्ग कुठे भरतात?) मला वाटलं, सुटलो. तर शनिवारी सातव्या संघाचा फोन! पुन्हा राखीव, पुन्हा टॅब्लेट. मी म्हटलं, “तिशी उलटली, आता पुरे.” तर म्हणाला, “I know, आई,” आणि खांद्याला बर्फ लावत बसला. संघाला हो की नाही, अजून काही ठरवत नाही.

तिकडच्या सगळ्यांची आठवण येते, हे प्रत्येकाला वेगवेगळं सांग. एकत्र सांगितलंस तर कुणीच स्वतःवर घेत नाही.

तुझी,
रत्ना

ता. क. : पत्र खरं तर याचसाठी. मी फार्मसीच्या परीक्षेला बसले होते, तेव्हा दोन वर्षं तू त्याला सांभाळलंस, म्हणून तो तुझं ऐकतो. फोन कर आणि सांग की आता खेळ पुरे. मी सांगितलं, असं म्हणू नकोस.

ता. क. २ : शनिवार. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. फोन करू नकोस. सकाळी अनुप सांगू लागला, “मी त्या संघाला ‘नाही’ म्हणून कळवलं.” ऐकलं आणि मला काय झालं कोण जाणे, हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून मी त्याच्यावर ओरडले, “कोणाला विचारून?”  म्हटलं, डॉक्टरने खेळ म्हटलंय, खांदा तुझा आहे, आणि माझं तोंड बघून नाही म्हणत असशील तर हे तोंड तुला आयुष्यभर बघावं लागेल. त्याने लगेच फोन लावला. जागा भरली नव्हती. पुढच्या आठवड्यात निघतोय. अरुण आत्ताच विचारत होते, ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्याला जायची विमानाची तिकिटं कधी काढू? मी त्यांना या पाकिटासाठी डिंक शोधायला पाठवलं. तिकिटं मी सोमवारीच काढली होती.