उजव्या खुर्चीचा खेळाडू

१ डिसेंबर, सोमवार
नाव दिलं. एकवीस तारखेला लाहोरात मारामारीच्या गेमची मोठी टूर्नामेंट. चौसष्ट खेळाडू. माझी पहिलीच. सादिकाबाद सोडून इथे शिवणाच्या कारखान्यात आलो, ते जन्मभर शेरवान्यांना काजं करायला नाही. आजपासून रोज दोन तास सराव.

२ डिसेंबर
सराव नाही. सहा शेरवान्या आल्या. पण दिवसाला दोनशे काजं म्हणजे बोटांचा व्यायामच की. दोन तास धरून टाकले.

५ डिसेंबर, शुक्रवार
महबूबचाचांच्या गेमच्या दुकानात अकरा मॅच. अकरा हरलो. मुद्दाम. समोरच्याला आधी पुरता ओळखायचा, ही माझी पद्धत. दुकानाचा नियम असा की जिंकणारा डाव्या खुर्चीवरून उठत नाही, नवा गडी उजवीकडे बसतो. मी आठ महिने उजवीकडेच. ती खुर्ची मला मानवलीय. चाचा म्हणाले, गुलफाम, पुत्तर, एकदा डावीकडे बसून बघ, तिकडे पंख्याचं वारं चांगलं लागतं. डिसेंबरात पंखा कशाला, म्हटलं.

९ डिसेंबर
सलग फटक्यांचा आठ सेकंदांचा एक कॉम्बो पाठ. शेजारच्या मशीनवरच्या शफकतला हवेतल्या हवेत करून दाखवला. म्हणतो, आणि तोवर समोरचा काय उभा राहून टाळ्या वाजवणार?
जळतो.

१३ डिसेंबर, शनिवार
कारखान्याच्या उस्ताद रियासतकडे टूर्नामेंटसाठी एकवीसच्या रविवारची सुट्टी मागितली. म्हणाले, सोमवारी वरात आहे, नवरदेवाला उघड्या छातीनं घोड्यावर बसवू का? रविवारी तुझं स्टूल रिकामं दिसलं, तर सोमवारी त्यावर दुसरा दिसेल. झोपायची गादीही कारखान्यातच, म्हणजे तीही जाणार. हरकत नाही. जिंकल्यावर ही नोकरी ठेवायचीच नव्हती.

१७ डिसेंबर
चहा बंद. हात थरथरतात.
संध्याकाळी चार कप. थंडीनं जास्त थरथरत होते.
अम्मीला फोन केला, लाहोरतर्फे खेळतोय म्हणून सांगितलं. स्वेटर घालून खेळ, म्हणाली.

२० डिसेंबर
शेवटचा सराव. नऊ हरलो. सगळं ठरल्याप्रमाणे. मी नक्की कसा खेळतो, हे उद्या कुणालाच माहीत नसेल. चाचा म्हणाले, खरंय पुत्तर, मलाही अजून कळलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी सव्वादहा
उस्ताद नवरदेवाच्या अंगावर शेरवानी घालून बघायला गेलेत. एक वाजता येतील. निघालो. शफकतला म्हटलं, माझं स्टूल आठवण म्हणून ठेव. तो म्हणाला, त्याचा एक पाय हलतो, तूच ने. फायनल संध्याकाळी सातला.

दुपारी सव्वाबारा, रिक्षात
नाणं उडवलं. मला डावी बाजू आली. बसलो आणि सगळं उलटं. मी मारायला जातो, माझा पैलवान मागे सरकतो. आठ महिन्यांत त्या बाजूला एकदाही बसलो नव्हतो, हे बसल्यावर कळलं. शेजारचा चष्मेवाला मुलतानी म्हणाला, भाईजान, तुमच्या जॉयस्टिकची दांडी बिघडलीय का? हो म्हणालो. पंचांनी तपासली. दांडी ठणठणीत.
इथे दोनदा हरल्यावर बाहेर काढतात, म्हणून आणखी एक मॅच मिळाली. दुसरा गडी भला निघाला. म्हणाला, बाजू तुम्ही निवडा, तुम्ही वडीलधारे. मी बावीसचा. उजवीकडे बसलो. माझी खुर्ची, माझी बाजू.
पहिल्यापेक्षा लवकर हरलो.
याचं कारण लिहायला खाली जागा सोडतोय.



दुपारी दीड, कारखाना
एकच्या आत पोचलो. कोट काढला, स्टुलावर बसलो, सुईत दोरा ओवला. एवढ्यात उस्ताद आले. मला बघून दारातच थांबले. मग जवळ येऊन डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, मला वाटलं होतं, गेला असशील. नाही गेलास. माणसात आलास बघ.
शफकत तोंडात टेप धरून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.
उस्तादांनी माझ्यासाठी मलई घातलेला चहा मागवला. म्हणाले, मन मारलंस, ठाऊक आहे मला. वाईट वाटून घेऊ नकोस. गेला असतास तर जिंकलाही असतास.
मी हो म्हणालो.
एकवीस काजं बाकी आहेत.