लाल गाडीचं ऑइल

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या रविवारची एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. त्या लाल गाडीच्या जुन्या ऑइलमध्ये चमक होती. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि तुम्ही विचारलं तेव्हा 'साफ आहे' म्हणून सांगितलं. आता कागदावर उतरलंच आहे, तर सगळंच लिहिते.

गाडी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची होती. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, परदेशी. गडचांदूरच्या आपल्या गल्लीतून ती आत आली तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली होती, "अवं बाई, एवढ्याशा गाडीत बकरी तरी मावते काय?" आठवडाभर तुम्ही लाकूड डेपोत मिस्त्री म्हणून ट्रकांच्या इंजिनांशी झगडायचे, आणि रविवारी असलं घरचं काम घ्यायचे. त्या दिवशी मात्र आई तुमच्यावर भडकली होती. राजुऱ्याचे पाहुणे मला पाहायला येणार होते. पहाटे उठून तिनं अंगण सारवलं होतं, आणि त्याच अंगणात तुम्ही गाडी आणून उभी केली. "पोरीले पाहाले लोक येऊन राह्यले, अन् तुमाले आजच हे सुचलं! एक थेंब जरी सांडला ना माह्या आंगणात, तर पाहाच!" तुम्ही हसलात. "एक थेंब नाई सांडत. ऑइल बदलणं म्हंजे काय डुकराचं लोळणं हाय काय?"

पण गाडी आत येताना तुम्ही कान दिला होता, ते मी पाहिलं होतं. इंजिनात बारीक टकटक होती. ठेकेदाराला तुम्ही साफ सांगितलं, "ऑइल पाहिल्याशिवाय मी काई बोलत नाई. त्यात धातूची चमक निघाली तर गाडी इथून हलत नाई, आंगणातच इंजिन खोलीन." त्याला दुपारी जिवतीच्या घाटात गाडी पळवायची होती. तो तोंड वाकडं करून निघून गेला.

गाडी इतकी बुटकी की जॅकही धड लागेना. तुम्ही सागाच्या फळ्या एकावर एक रचून पुढची चाकं वर चढवलीत, मागच्या चाकांना दगड लावलेत, आणि मग खाली शिरताना तुमचं पोट अडकलं! मला कसं हसू आलं होतं. "हसू नोको, तूच जाय खाली, काडीसारखी हायस," तुम्ही म्हणालात. मी चोवीस वर्षांची, शाळेत मास्तरीण झालेली, तरी जुना परकर घालून पाठीवर सरकत गेले. पाना धरायला तर तुम्ही मला अक्षरांच्या आधी शिकवलं होतं.

सगळं तुमच्या पद्धतीनं. इंजिन थोडं गरम करून घेतलेलं, म्हणजे ऑइल पातळ होऊन सरळ खाली येतं. खाली पोतं, पोत्यावर वर्तमानपत्रं, भोवती आरा मशीनवरच्या लाकडी भुशाची पाळ. गोडेतेलाचा डबा आडवा कापून केलेलं घमेलं. तुम्ही वरून सांगत होता, "नट हातानं फिरव, पण वर दाबून ठेव. शेवटचा आटा सुटला का झटक्यानं काढ. दाबून ठेवला तर थेंब बाहेर येत नाई." मी तसंच केलं. काळी धार सरळ डब्यात पडली. माझ्या कोपरापर्यंतसुद्धा ओघळ आला नाही. गाडीखालून मला फक्त पायच दिसत होते, तुमचे गाडीजवळ, आईचे ओट्याजवळ येरझाऱ्या घालणारे. ऑइलला करपलेला वास होता. इतका की डोळे चुरचुरले.

मग तुम्ही ती पांढरी ताटली आत सरकवली. थोडं ऑइल ताटलीत घ्यायचं, उन्हाकडे तिरपं धरायचं आणि बोटांनी चोळायचं, हा तुमचा नेम. मी ताटली तिरपी केली. नदीच्या वाळूत असते तशी बारीक पिवळी चमक पसरली. बोटांत घेतली तर कण टोचले. इंजिनातलं बेअरिंग झिजून त्याचा कीस ऑइलमध्ये उतरत होता. अडाणी माणसालाही कळलं असतं, मी तर तुमची पोरगी.

"काय दिसते वं?" तुम्ही विचारलं.

"साफ आहे, बाबा."

"टकटक तं होती."

"ऑइल जुनं झालं होतं नं, म्हणून असंल."

तुम्ही खाली वाकूनही पाहिलं नाहीत. माझ्यावर तुमचा तेवढा भरवसा होता. मी नट परत आवळला, ताटली पुसली, बाहेर आले, आणि डबा उचलून सरळ कुंपणाच्या मेढींपाशी गेले. उदईनं लाकूड पोखरू नये म्हणून जुनं ऑइल मेढींना लावायचं, हे तर आपल्याकडे घरोघरी. त्यामुळे तुम्हाला वेगळं काही वाटलंच नाही. उलट म्हणालात, "वा, डबा पण रिकामा केला!" मी चिंधीनं एकेक मेढ काळी केली आणि उरलेलं त्यांच्या बुडाशी ओतून दिलं. मागे काहीच ठेवलं नाही.

इंजिनाच्या तोंडात चाडी लावून नवीन ऑइल ओतलं, भुसा गोळा केला, फळ्या उचलल्या. अंगणात खरंच एक डाग नव्हता. आई पोह्यांच्या तयारीला लागली. दोन वाजता ठेकेदार आला आणि म्हणाला, "चला मिस्त्री, बसा बाजूले. घाट चढून येऊ." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चिंधीनं हात पुसत राहिले. बाबा, तेव्हाही वेळ होती! एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. "पाहुणे आले तं बसवजो, मी आलोच," म्हणून तुम्ही त्या बुटक्या गाडीत वाकून बसलात.

पाहुणे चारला आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं अंगणाचं कौतुक केलं. पाच वाजले, साडेपाच वाजले. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी दाराकडे पाहत होते आणि त्यांना वाटत होतं, मुलगी लाजरी आहे. मग डेपोतला ड्रायव्हर सायकल टाकून आत आला. घाटाच्या उतारावर इंजिन जाम झालं, चाकं जागीच अडकली, गाडी फिरून दरीत गेली. दोघंही.

लोक म्हणाले, मिस्त्रीनंच ऑइल नीट पाहिलं नाही. डेपोत म्हणाले, तेराव्या दिवशी आपल्याच ओट्यावर बसून म्हणाले. आई त्यांच्याशी भांडली. मी चहाचे कप उचलत राहिले. वर्षभरानं राजुऱ्याच्या त्याच घरात माझं लग्न झालं. माणूस चांगला निघाला, हेच अवघड आहे. आत्ता तो पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकतो आहे. काय लिहितेस म्हणाला, तर मी किराण्याची यादी म्हटलं.

घाई होती, आई रागावली असती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. पण ऑइल काढलं तेव्हा अकराच वाजले होते. इंजिन खोलता आलं असतं. फक्त पाहुणे आले तेव्हा तुम्ही कोपरापर्यंत काळे होऊन, फाटक्या बनियनवर अंगणात बसलेले दिसला असता. मुलाचे वडील हेडमास्तर होते. बाबा, मला तुमची लाज वाटली.