विमलाकाकूचा आजन्म परवाना

सदाशिव पेठ, पुणे
१२ जानेवारी

ती. तेजूताईस,
श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस, काका-काकू दोघंही धडधाकट आहेत. बेंगळुरूला तू आणि आमोदराव मजेत असाल, तुझी आखडलेली मान आता उजवीकडेही वळत असेल, अशी आशा आहे. आमच्याकडे थंडी बरी आहे, पाणी एक वेळ येतं, आणि समोरच्या क्लासची मुलं अजूनही आपल्या जिन्यासमोरच स्कूटर लावतात (काकूनं पाटी बदलली आहे, नवीन पाटी जास्त सभ्य आणि जास्त लागणारी आहे). हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुझा फोन आला की काकू शेजारी येऊन बसते, आणि तिच्याचसमोर तिच्याविषयी आदरानं बोलायची मला लाज वाटते. म्हणून हे पत्र.

तर तुझ्या आईनं दारूचा परवाना काढला आहे.

हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं लिहिलं तरी तितकंच धक्कादायक वाचलं जातं, म्हणून तसंच ठेवलं. झालं असं की एकतीस डिसेंबरच्या आदल्या सकाळी मी दूध द्यायला वर गेलो, तेव्हा काकू काकांना पेपर वाचून दाखवत होती. (काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, त्यांना आता स्वच्छ दिसतं, पण वाचून दाखवणं थांबलेलं नाही. कोणती बातमी ऐकायची हेही तीच ठरवते.) त्यात आलं होतं की आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य घेणं हा गुन्हा आहे, तेव्हा नववर्ष साजरं करणाऱ्यांनी परवाना जवळ बाळगावा. काकूनं चष्मा काढला आणि मला विचारलं, म्हणजे मला दारू पिता येत नाही?

मी म्हटलं, काकू, तू पीतच नाहीस.

"ते मला माहीत आहे. मी काय विचारलं?"

ताई, तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर असा प्रश्न उभा राहिला की तो घरात एखाद्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. दोन दिवस तिनं त्याच्याशी एकटीनं झुंज दिली. तिसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं की एकोणऐंशी वर्षं मी दारूला शिवले नाही हा माझा निर्णय आहे असं मी समजत होते. आता कळतं की शिवायची मला परवानगीच नव्हती. म्हणजे मी आयुष्यभर नुसता कायदा पाळला. मी म्हटलं, फरक काय पडतो? त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी सातवीनंतर पाहिली नव्हती.

परवाना घरबसल्या मोबाइलवर निघतो हे मी तिला दाखवलं, पण तिला तो माणसाच्या हातून हवा होता. त्यामुळे आम्ही रिक्षा करून परवाना देणाऱ्या कचेरीत गेलो. काकू ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. रांगेत सगळे पुरुष, एकेकानं तिला पाहून खिशातला कागद आणखी खोल सारला. बहुतेकांना वाटलं असावं की ही बाई कुणाच्या तरी विरुद्ध तक्रार घेऊन आली आहे. टेबलापाशी उत्तरेश्वर नावाचे तरुण कारकून होते, बोलण्यावरून बार्शीकडचे, आणि स्वभावानं इतके गोड की सरकारी नोकरीत कसे टिकले कोण जाणे. ते उभे राहिले. आज्जी, चुकून इकडं आलाव का, पेन्शनचं पलीकडं हाय, म्हणाले. काकू म्हणाली, चुकून नाही, मला परवाना हवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वयाचा पुरावा लागतो. पंचविशी उलटली आहे हे सिद्ध करण्यासाठी काकूनं आधारची झेरॉक्स दिली, आणि उत्तरेश्वरांनी ती खरोखर तपासली, जन्मसाल बोट ठेवून वाचलं, मनात वजाबाकी केली आणि पास म्हणून मान हलवली. मग कारणाची पाळी आली. अर्जावर आरोग्य टिकवण्यासाठी अशा अर्थाचं काहीसं आधीच छापलेलं असतं, खाली सही करायची. (म्हणजे आपल्याकडे जो कुणी कायद्यानं पितो तो तब्येतीसाठीच पितो. सरकारचा माणसांवरचा हा विश्वास पाहून मला भरून आलं.) काकू सही करेना. हे खोटं आहे, म्हणाली. तब्येत मी न पिता राखली आहे.

"मग आज्जी, कशासाठी पायजे?"

"नको म्हणण्यासाठी."

उत्तरेश्वर नम्रपणे म्हणाले की नको म्हणायला परवाना लागत न्हाई. काकू म्हणाली, लागतो. हो म्हणायची सोयच नसताना नको म्हटलं, तर ते धरत नाहीत. ताई, मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, भल्याभल्या साहेबांची भाषणं ऐकली, पण दारूच्या परवान्याच्या रांगेत पंधरा पुरुष एका बाईचं वाक्य मनात घोळवत गप्प उभे आहेत, हे दृश्य मला पुन्हा दिसायचं नाही. उत्तरेश्वरांनी शेवटी एक कोरा कागद जोडून त्यावर तिचं कारण तिच्या शब्दांत लिहून घेतलं. छापलेल्या ओळीखालीही मग तिनं सही केली, पण आधी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून.

पुढचा प्रश्न मुदतीचा. वर्षाचा द्यायचा की आजन्म? विचारता विचारता त्यांचं लक्ष परत आधारकार्डावर गेलं आणि हात आपोआप एक वर्षाच्या रकान्याकडे सरकला. काकू म्हणाली, आजन्म. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसला. "वर्षभरात मी गेले तर तुमचं काय नुकसान आहे?" तिनं विचारलं. त्यांनी आजन्मवर खूण केली आणि उठून तिच्या पाया पडले. मग निघताना, केवळ आपुलकीनं, त्यांनी विचारलं की आजोबांचा बी काढायचा का.

काकू म्हणाली, "त्यांना नाही लागत. त्यांचं मी बघते."

इथपर्यंत मला हे सगळं मजेचं वाटत होतं. रिक्षा निघाली, लकडी पूल आला, गेला, आणि काकूनं रिक्षावाल्याला एकदाही रस्ता सांगितला नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. पेरूगेटाजवळ ती म्हणाली, "मी मघाशी काय म्हणाले रे?" मी म्हटलं, कुठलं? बरंच बोललीस. तिनं पर्समधला परवाना काढून पाहिला आणि पुन्हा आत ठेवला.

आता घरातली परिस्थिती तुला वेगळी सांगायला नको, कारण तक्ता तूच पाठवला आहेस. आहारतज्ज्ञ मुलीनं पाठवलेला, प्लास्टिकमध्ये बसवलेला, फ्रिजवर चिकटवलेला. काकांना चहात साखर नाही, रविवारी अर्धा चमचा. त्या तक्त्याआधी काकूचा तोंडी कायदा होता, त्याआधी लग्नानंतर लगेच लोणचं आणि पत्ते बंद झाले होते. महिपतीकाकांनी खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. सरकारनं ज्या माणसाच्या हवाली दारूगोळा केला, त्याच्या हाती स्वतःच्या घरात साखरेचा डबा नव्हता. तो काकूच्या कपाटात, साड्यांच्या मागे. काकांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र एकदा म्हणाले होते की काकूच्या साड्यांना मुंग्या का लागतात हे तिला अजून उमगलेलं नाही.

घरी आलो. काकांनी परवाना हातात घेऊन पुढून-मागून वाचला, स्वतः वाचला, आणि विचारलं, मग, आणायची का? काकू म्हणाली, नको. ताई, हा शब्द तिच्या तोंडून आपण लहानपणापासून दिवसातून चाळीसदा ऐकला आहे. पण हा नको वेगळाच होता. एखादी बाई नवा दागिना घालून आरशात बघते तसा तिनं तो उच्चारला.

मग ती उठली, चहा केला, आणि कपाटातून डबा आणून काकांच्या समोर ठेवला. झाकण काढून. चमचा आत. म्हणाली, घ्या तुम्हाला हवी तेवढी.

काका आधी डब्याकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी तिच्याकडे बघत राहिले. "तुझी तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. काकांनी एक चमचा घातला आणि थांबले. ती काही बोलली नाही. दुसरा घातला. तिनं टेबलाची कड धरली. तिसरा चमचा त्यांनी इतका शीग लावून भरला की मलाच मधे पडावंसं वाटलं, आणि मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. बावन्न वर्षांची सवय घशाशी आलेली दिसत होती. ती दाबून बसली होती. तुझी आई कधी कुणाला घाबरली नाही, शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनाही नाही, पण त्या क्षणी तिला जे करावं लागलं त्याइतकं कठीण काम तिनं आयुष्यात केलं नसेल. काकांनी कप उचलला.

"खाली बसली आहे," ती म्हणाली. "ढवळून घ्या."

काकांनी ढवळलं, सगळा चहा प्यायले, आणि कप खाली ठेवून बराच वेळ तिच्या हातावर हात ठेवून बसले. ओट्यावरचं दुधाचं भांडं, रोज रिकामं परत नेतो ते, उचलून मी खाली आलो. भांडं भरलेलंच होतं हे खाली आल्यावर लक्षात आलं.

आमोदरावांना नमस्कार.

तुझा,
श्रीनिवास

ता.क. १ – मंगळवारी काकांचं रक्त तपासलं. साखर वाढली आहे. डॉक्टर रागावले, काकू रागावली नाही. काका आता आपणहून अर्धा चमचा घेतात, आणि प्रत्येक वेळी आम्हा सर्वांना मोठ्यानं कळवतात की हा त्यांनी स्वतः ठरवलेला अर्धा चमचा आहे.

ता.क. २ – पत्र लिहायचं खरं कारण म्हणजे फ्रिजवरचा तुझा तक्ता काकूनं काढला आहे आणि तुला सांगायचं धैर्य तिला होत नाही. (हो, तिलाही.) तेव्हा रविवारच्या फोनमध्ये 'बाबांनी काय खाल्लं' हा प्रश्न विचारू नकोस. त्यांना बोलायला दे. बोलता बोलता ते सांगतीलच.

ता.क. ३ – पत्र टाकण्यापूर्वी काकूनं ते मागून घेतलं आणि वाचलं. कुणी काय लिहावं यावर बंधन असू नये असं तिचं ठाम मत झालं आहे. काकांच्या चोरून खाण्याविषयीच्या चार ओळी तिनं खोडायला लावल्या, मुंग्यांची एक राहू दिली. बाकी मजकूर मंजूर आहे.