लेकीनं बसवलेला दात

१४ जानेवारी, सातारा

मोडला! वरचा पुढचा दात. बायकोनं, सुलानं केलेला तिळगूळ चावला आणि कट्ट! मागल्या वर्षी त्याचं रूट कॅनल केलं होतं, कॅप बसवायची तेवढी राहिली – माझाच आळस. सुला रडकुंडीला आली. "माझाच पाक कडक झाला वं." तिची समजूत काढता काढता पुरेवाट.

खरी काळजी वेगळीच. पलटणीच्या बँडात आयुष्यभर ट्रम्पेट फुंकलं. ट्रम्पेटचा सगळा भार ओठांवर, ओठांचा दातांवर. मार्चात आम्हा जुन्या बँडवाल्यांचा मेळावा. तात्याबा ढोलावर, मी ट्रम्पेटवर. आता कसं?

१५ जानेवारी

लेकीचा, उत्कर्षाचा सांगलीहून फोन. दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण चाललंय पोरीचं. तिचा अभ्यासही यावरच – रूट कॅनल झालेले पुढचे दात कशानं भरले तर किती दाब सोसतात. "आण्णा, तुम्ही तर माझ्या थिसिसमध्येच येऊन बसलात!" हसली. मग हळूच, "दुखतंय का हो?"

१९ जानेवारी, सांगली

आज पोरीनं इंजिनिअरिंग कॉलेजातलं ते मशीन दाखवलं. लोकांचे काढलेले दात ठोकळ्यांत बसवलेले. आतल्या बाजूनं तिरका दाब द्यायचा, हळूहळू वाढवत न्यायचा. आवाज झाला तसा माझा हात आपोआप तोंडावर!

दात आतून पोकळ झाला की मुळात खुंटी घालतात, तिच्यावर दात उभा करतात. धातूची खुंटी जास्त सोसते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हटलं, "मग धातूचीच घाल. विषय संपला."

"नाही. मी काचतंतूची, फायबरची घालणार."

"ती तर आधी मोडली की गं!"

तिनं दोन्ही दात माझ्या तळहातावर ठेवले. धातूवाल्याचं मूळ उभं चिरलेलं. दुसऱ्याचा वरचा भरावच तेवढा तुटलेला, मूळ जसंच्या तसं. "मूळ चिरलं की दात काढावाच लागतो, आण्णा. वरचं गेलं तर मी परत बांधीन."

मला पटेना. मोडणारं कशाला घालायचं?

२० जानेवारी

सुलाला फोन करून गाऱ्हाणं सांगितलं. म्हणाली, "जलमभर सायबाचं ऐकलं. आता लेकीचं ऐका."

२४ जानेवारी

पोरीनं अवजारांचा ट्रे तिसऱ्यांदा लावला. तिच्या मॅडम म्हणाल्या, "वडील आहेत, दुसऱ्या कुणाला बसवू का?" मी तोंड उघडं ठेवूनच मान हलवली – नाही! मग तिनं अवजार उचललं. खुंटी बसली, वर भराव झाला. कपाळाला कपाळ लागेल इतकी वाकून काम करत होती. लहानपणी हिच्या पायातला काटा मी असाच काढायचो.

९ फेब्रुवारी, सातारा

कॅपही बसली. आरशात दात ओळखू येत नाही. थोडं थोडं फुंकतोय. लय बरं वाटतंय!

१६ मार्च

मेळाव्यात मोडला.

वरच्या सुराला जोर केला, अन् तोंडात खडा आल्यासारखं. दात जिभेवर. वाजवणं थांबलं. तात्याबानं एकट्यानं ढोल बडवून शेवट गाठला – गड्याचे उपकार. बाहेर आलो. सुलानं दात पदराच्या टोकाला बांधला. म्हणाली, "चला, सांगलीला."

१७ मार्च, सांगली

पोरगी पांढरी पडली होती. "माझंच चुकलं असंल." एक्स-रे निघेपर्यंत खाली बसली नाही. निघाला तसा खिडकीकडं धरून बघत राहिली. मग वळली – डोळे भरलेले, तोंडभर हसू. "मूळ शाबूत हाय, आण्णा!" एरवी कॉलेजात शुद्ध बोलती. मी म्हटलं, "तुझंच बरोबर होतं गं." मॅडमांदेखत गळ्यात पडली.

दात परत बांधते म्हणाली. पण ट्रम्पेट बंद. कायमचं. "पुढच्या वेळी मूळ वाचंल याची खात्री मी देणार नाही." यावेळी वाद घातला नाही.

२ एप्रिल, सातारा

दात झकास. ट्रम्पेट पुसून कपाटावर ठेवलं. सुलाला म्हटलं, कुणाला तरी देऊन टाकू. तिनं ते खाली काढून परत पुसलं.

६ एप्रिल

मंडईतून आलो तर घरातून ट्रम्पेट! सकाळच्या बिगुलाची धून, अगदी सुरात. वाटलं तात्याबा आला. आत गेलो तर – सुला. ओट्यापाशी उभी, गाल फुगलेले. मला बघून लाजली. "तुमी जम्मूला पलटणीचं वाजवायचा, तवा तुमचं हे घरीच हुतं की. करमायचं न्हाई, मग फुंकत बसायची."

इतकी वर्षं कळू दिलं नाही! म्हटलं, "पुढचं शिकवू का?"

"आदी बसा," म्हणाली, "अन् ऐका."