टाळ्या पडत होत्या

कैद्यांचं बेट, सिडनीच्या पूर्वेला
३ ऑक्टोबर १८३३

मॅलकी टिअर्नी याच्या आईस,

देव आणि मेरीमाता तुम्हांला सुखी ठेवोत. तुमची गाय, धाकटी ब्रिजिड आणि बटाट्याचं पीक सगळं धड असेल अशी आशा करतो. इकडे हवा चांगली आहे. डोंगरावर लाकूडतोड चालू आहे, आणि मक्याच्या लापशीत नेहमीसारखाच मक्यापेक्षा किडा जास्त. माझी प्रकृती ठीक. घसा तेवढा बसलेला आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मॅलकीचा इथला मित्र. तुम्हांला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणजे हे पत्र तुमच्या गावचे पाद्रीबाबा वाचून दाखवत असणार. बाबा, हात जोडून सांगतो, मधलं काही गाळू नका.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो. मॅलकी गेला. गेल्या महिन्यात ताप आला आणि त्यातच गेला. फार त्रास झाला नाही.

पण जाण्याआधी त्यानं नाटकात काम केलं, आणि असं केलं की तुम्ही पाहायला हव्या होतात. राजाच्या वाढदिवसाचं नाटक होतं. आमच्या कॅप्टन हॅलमसाहेबांना नाटकाचं वेड, आणि त्यांच्या बाईंना बेटावर करमत नाही. कैद्यांना बंडाचं नाटक कसं करू दिलं म्हणाल, तर त्यातला जुलमी सुभेदार स्पॅनिश होता. स्पॅनिश माणसाविरुद्धचं बंड इंग्रजाला फार आवडतं. खाणीतले कैदी सुभेदारावर उठतात, त्यांचा म्होरक्या लोपे पकडला जातो, जल्लाद त्याच्या गळ्यात दोरी घालतो, आणि आता लटकवणार इतक्यात राजाचं माफीपत्र येतं. मग सगळे राजाचा जयजयकार करतात. लोपे म्हणजे तुमचा मॅलकी.

कामं वाटताना बराकीत मारामारी झाली. सुभेदाराच्या मुलीच्या कामासाठी दोन दाढीवाले एकमेकांच्या उरावर बसले. जल्लादाचं काम मात्र कोणी घेईना, लटकंसुद्धा. इथल्या कैद्यांचा तो कायदाच आहे. ज्यानं आसूड किंवा दोरी हातात घेतली त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी जेवायचं नाही, तो बुडत असला तरी हात द्यायचा नाही. शेवटी मॅलकीच साहेबांकडे गेला. म्हणाला, "साहेब, खरा असताना खोटा कशाला शोधायचा? बेटावर फटके मारतो तो माणूसच द्या की आम्हांला." साहेब पोट धरून हसले. अशा रीतीनं त्या माणसाला ते काम मिळालं.

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? तो माणूस मी.

मीही कैदीच आहे, तुमच्यासारखाच आयरिश, क्लेअरचा. पहिल्या वर्षी माझीच पाठ तीनदा सोलली गेली. चौथ्यांदा बांधायला नेलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "खातोस, की देतोस?" मी म्हटलं, देतो. तुम्ही काय म्हटलं असतंत? तिकडे चुलीपुढे बसून नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या दिवसापासून मला वेगळी झोपडी मिळाली, जास्तीचं मांस मिळालं, आणि चार वर्षं कोणी माझ्याशी एक अक्षर बोललं नाही. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. शिवी द्यायची तरी तोंड माझ्याकडे करावं लागतं ना.

तालमी लाकडाच्या वखारीत होत. पहिल्याच दिवशी मॅलकी माझ्यासमोर उभा राहून नाटकातलं वाक्य म्हणाला, "ये रे बाबा, तुझीच वाट बघत होतो." त्याची पाठ मी ओळखत होतो, ती दोनदा माझ्या हाताखालून गेली होती. चेहरा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. तुमचेच डोळे असणार ते.

मग नाटकातली वाक्यं संपल्यावरही तो बोलायला लागला. "गाव कुठलं रे तुझं? आई आहे?" मी सांगितलं, आई नाही, पण तिचा एक हंस होता, त्याला भिऊन मी सात वर्षांचा होईपर्यंत एकटा अंगणात जात नसे. मॅलकी हसून हसून खाली बसला. मग त्यानं तुमचं सांगितलं, खंड वसूल करायला आलेल्या कारकुनाला तुम्ही घुसळणीचा दांडा घेऊन ओढ्यापर्यंत पळवलंत ते. "माझ्या आईला कळू दे तू काय धंदा करतोस," तो म्हणाला, "मग बघ दांडा कुठं बसतो ते." आम्ही दोघंही हसलो. त्याचा जिवलग दोस्त बार्नी क्वर्क, त्यानंही मला तंबाखू दिली. मी दाढी करायला लागलो, सगळ्यांची वाक्यं पाठ केली. त्या दिवसांत आसूड मारताना माझा हात हलका पडायचा, त्यावरून साहेबांनी दम दिला. मला वाटायचं, खाईन एखाद्या दिवशी मीच फटके, पण हे असंच चालू राहू दे.

एकदा मॅलकी म्हणाला, "शेवट जरा बदलू या. माफीपत्र आलं की बंडवाले उलटतात आणि जल्लादालाच लटकवतात. लोक हसून लोळतील. तू नुसते पाय झाड."

मी म्हटलं, वा! मीच त्यांना युक्ती शिकवली. एक दोरी सदऱ्यातून, काखेखालून न्यायची, वजन तिच्यावर. दुसरी गळ्यात, नुसती दिसायला. स्वतःच्या फाशीची तालीम मी इतकी मन लावून केली की बार्नी म्हणाला, "लेका, तू तर जन्मजात नट आहेस!" चार वर्षांत माझं झालेलं तेवढंच कौतुक.

वाढदिवसाला दुपारी सगळं बेट चौकात जमलं. साहेब आणि बाई खुर्च्यांवर, शिपाई दोन्ही बाजूंना, कैदी खाली मातीत. माफीपत्र आलं. बंडवाल्यांनी मला पिंपावर चढवलं. काखेखालची दोरी बार्नीनं बांधली आणि गळ्यातली मॅलकीनं घातली. घालताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "ही फिंटन ओशेकडून."

फिंटन हा त्याच्याच टोळीतला. माझ्या आसुडाखाली मेला. साहेबांनी सांगितले तेवढेच मारले होते, एकही जास्त नाही. पण ते असो.

बार्नीनं पिंप लाथाडलं, आणि काखेखालची दोरी सुतासारखी सुटून आली. ती बांधलेलीच नव्हती. बाई, मी मरत होतो आणि टाळ्या पडत होत्या. मी पाय झाडले तसे साहेब ओरडले, "शाब्बास! जीभ बघा काय बाहेर काढलीय!" त्यांच्या बाई हसता हसता डोळे पुसत होत्या. कैदी तर बेभान झाले होते. ते का हसत होते हे त्या खुर्च्यांवरच्यांना कुठं ठाऊक? गोड बोलून केसानं गळा कापतात म्हणतात तो असा. इथं दोरीनं, इतकंच.

मग कोणी तरी माझे पाय धरले आणि मला वर उचललं. खालून बार्नीचा आवाज आला, "सोड त्याला! सोड ना, मूर्खा!" आणि मॅलकी रडत म्हणत होता, "नाही होत रे माझ्यानं. नाही होत." सोडलं नाही त्यानं. शिपायांनी दोरी कापेपर्यंत माझा सगळा भार त्याच्या खांद्यावर होता.

साहेब पुढे आले. अजून हसू पुरतं गेलं नव्हतं. "काय रे, हे खेळातलंच होतं ना?"

त्यांना 'हो'च ऐकायचं होतं. राजाच्या वाढदिवशी, बायकोसमोर, कोणाला बंड हवं असतं? मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. अख्खी बराक माझ्या तोंडाकडे बघत होती. चार वर्षं ज्यांनी मला पाठ दाखवली ते सगळे माझ्या एका शब्दासाठी ताटकळले होते. मी त्यांना थोडा वेळ ताटकळत ठेवलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग म्हटलं, "खरं होतं, साहेब."

"कोणी केलं?"

मी मॅलकीकडे बोट दाखवलं. ज्यानं पिंप लाथाडलं त्या बार्नीकडे नाही. बार्नीनं माझा द्वेष केला, तो पहिल्यापासूनच करत होता, त्यात फसवणूक कसली? माझ्या आईची चौकशी एकट्या मॅलकीनं केली होती.

तेव्हा ताप वगैरे काही नाही. फाशीची शिक्षा दुसऱ्याच दिवशी ठरली. साहेबांनी विचारलं, "तू करशील, की सिडनीहून माणूस मागवू?" मी म्हटलं, मागवायचा कशाला, माझंच काम आहे.

कोठडीत मी रोज त्याच्याकडे जात होतो. सांगितलं, "मी साहेबांना जाऊन म्हणतो, डोकं ठिकाणावर नव्हतं, खेळच होता. तू फक्त बोल माझ्याशी. शिवी दे. थुंक आणि वर शिवी दे." त्यानं भिंतीकडे तोंड केलं. नाटकात पाठ केलेलं वाक्य म्हणाला असता तरी मी धावत गेलो असतो. तुमचा मुलगा हट्टी होता, बाई. कोणावर गेला होता ते मला माहीत आहे. फळीवर उभा केला तेव्हा रिवाजाप्रमाणे मी त्याची क्षमा मागितली. तो समुद्राकडे बघत राहिला.

लवकर आटपलं असं पाद्रीबाबा इथं आपल्या पदरचं वाचतील. पत्रात तसं लिहिलेलं नाही.

आता पुन्हा सगळं पहिल्यासारखं आहे. बार्नी समोरून जातो तो दगडाजवळून जावं तसा. हे पत्र क्षमेसाठी नाही. क्षमा केलीत तर तुम्ही देवळात मेणबत्ती लावाल आणि मला विसरून जाल. मला ते नको. आपल्याकडे विधवा रस्त्यावर गुडघे टेकून, केस सोडून शाप देते तेव्हा सगळा गाव दारात येऊन ऐकतो. तसा द्या. पण "माझ्या लेकराच्या मारेकऱ्याला" असं मोघम म्हणू नका. असे मारेकरी इथं पुष्कळ आहेत, आणि काही खुर्च्यांवर बसतात. नाव घेऊन द्या. रोज द्या.

तुमच्या मॅलकीला फाशी देणारा,
थेडियस मॅकइनर्नी, डॅनियलचा मुलगा,
किलरश, परगणा क्लेअर

घरी मला थेडी म्हणत.