मालनवन्संना, डोक्याला लावलेल्या तारांविषयी

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
मंगळवार, ता. ११ जानेवारी १९९४

तीर्थस्वरूप सौ. मालनवन्सं यांना शेवंतीचा साष्टांग नमस्कार.

इकडे देवाच्या कृपेने सगळे हिंडतेफिरते आहेत. तुमची कंबर कशी आहे ते कळवावे. (शेक मिठाच्या पुरचुंडीचाच घ्या, मलमं निम्मी कपड्यालाच लागतात.) ठाकुर्लीहून शहाड ते काय लांब, आणि तरी ही बाई पत्र लिहिते, असं मनात आणू नका. मी समोर आले आणि महिपतभाऊजींचं नाव निघालं की तुम्ही चहा टाकायला उठता. मागच्या खेपेला मी तीन कप प्यायले आणि बोलायचं ते राहिलंच. म्हणून ह्यांच्या कचेरीतले पाठकोरे कागद घेऊन बसले आहे.

बसले आहे म्हणजे चौथ्यांदा. गुरुवारपासून माझं चित्त ठिकाणावर नाही. नळ ठिबकतो ते ऐकते, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकते, आणि आता एखादी वेगळी येईल म्हणून पिठाचे हात तसेच धरून उभी राहते. परवा ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, वाट बघतेय. कोणाची? आता शिट्टीची म्हणून कसं सांगायचं? (तरी सांगितलं. तेव्हापासून हे माझ्याकडेही जरा बघून असतात.)

तर झालं असं. भाऊजींच्या गोळ्या ज्यांच्याकडून चालू आहेत ते ठाण्याचे आनंद डॉक्टर, ते आवाजांचा एक अभ्यास करतात. कानाला एकसारखा आवाज ऐकवायचा, टुक टुक टुक, आणि मध्येच एखादा निराळा, टिंग. माणसाचं लक्ष नसलं तरी मेंदू त्या टिंगला आपोआप दचकतो, आणि ते दचकणं डोक्याला चिकटवलेल्या तारांमधून कागदावर उमटतं. भाऊजींसारखा आजार असलेल्या पुष्कळांचं दचकणं लहान दिसतं म्हणे; असं का, ते त्यांना शोधायचं आहे. त्यासाठी आजारी माणसं हवीत, आणि तुलनेला धडधाकटही. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "तारा लावून आतलं काढून घेतील. वहिनी, आधी तुम्ही बसा." मी म्हटलं बसते. माझ्या डोक्यातून निघून निघून काय निघणार, वाण्याची यादी आणि चार आरत्या.

नेमका गुरुवार मिळाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याच सकाळी केस धुऊन या, तेल नको. गुरुवारी डोक्यावरून पाणी घ्यायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी बुधवारीच धुतले. पण सकाळी देवापुढे कोरड्या, भुरभुरत्या केसांनी बसणार कशी? हात आपोआप बाटलीकडे गेला. ठाण्याला डॉक्टरांकडे तारा लावणारी जया नावाची मुलगी होती. तिने एक तार चिकटवली की आधीची घसरून कानावर यायची. बिचारीने कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये बुडवून माझं डोकं घासलं. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही तेल लावलंय की तेलानेच तुम्हाला लावलंय?" उपासाच्या दिवशी मी उत्तर देत नाही.

मग काचेच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. बाहेर डॉक्टर, जया आणि भाऊजी. आवाजांकडे लक्ष द्यायचं नाही, काहीतरी वाचत राहायचं, एवढंच काम. मी पोथी नेली होतीच. दोन ओव्या झाल्या तोच आतल्या भोंग्यातून जया, "काकू, ओठ हलतायत, रेघा बिघडतायत." आता ओठ न हलवता पोथी वाचली तर ती कोणाला पोचायची? मग त्यांनी एक सिनेमाचं मासिक दिलं. (त्यातल्या कपड्यांविषयी लिहीत नाही, हे पत्र तुमच्याकडचे भावोजीही वाचतील.) डोळे मासिकावर ठेवले आणि पदराखाली माळ धरली. एका टुकला एक नाम. वन्सं, इतकी सुरेख लय मला देवघरातही कधी सापडली नाही. आणि मग टिंग झालं. मी म्हटलं, हा मेरुमणी. मेरू ओलांडायचा नसतो, म्हणून माळ फिरवली आणि उलटी निघाले. चार नामांनी पुन्हा टिंग. फिरवली. मग अकरांनी, मग सातांनी. असा बेशिस्त मेरू मी जन्मात पाहिला नाही. पाऊण तास मी त्याच बोटभर मण्यांत येरझाऱ्या घालत होते.

बाहेर आल्यावर मी आनंद डॉक्टरांना सांगून टाकलं की तुमची कॅसेट बिघडली आहे, एकशे अठ्ठावीस वेळा चुकली, दुरुस्त करून घ्या. ते कागदाकडे बघत होते. माझ्या रेघांचे डोंगर झाले होते. "काकू, तुम्ही वाचत होता ना?" मी हो म्हटलं. (हे खोटं मी देवाजवळ कबूल केलं आहे.) तेवढ्यात काचेतून माझा पदर बघत बसलेले भाऊजी मागून म्हणाले, "कसलं वाचतायत, वहिनींनी टिंगचा मेरू केला, माळ उलटसुलट चाललेली," आणि हसायला लागले. माझा कागद बाद झाला, लक्ष द्यायचं नव्हतं ते मी सगळं तिथेच दिलं होतं. पण भाऊजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दोन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं.

दोन वर्षं म्हणजे तुमच्या लेकीच्या साखरपुड्यापासून. भाऊजी मध्येच उठून कोणी न बोललेल्या बोलण्याला उत्तरं देऊ लागले, आणि तुम्ही त्यांना आतल्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावलीत. व्याह्यांसमोर तुमची काय अवस्था झाली ते मी पाहिलं आहे, मी दोष देत नाही. पण भाऊजी सगळं विसरले तरी ती कडी विसरलेले नाहीत.

हसून झाल्यावर ते म्हणाले, मी बसतो. डॉक्टरांना सख्खी भावंडंही हवी आहेत. (माझ्यासारखी लग्न होऊन आलेली त्यात धरत नाहीत, इतकं घासून घेतल्यावर हे कळलं.) ते ऐकून भाऊजी म्हणाले, "अक्का बसेल तर." डॉक्टर म्हणाले, सक्ती नाही. मी दोनदा खोदून विचारलं, कारण तुम्हाला काय वाटेल ते मला ठाऊक आहे. त्या कागदावरून कोणाला वेडं किंवा शहाणं ठरवता येत नाही. त्याने भाऊजी बरेही होणार नाहीत, नुसता अभ्यास आहे. पण इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून मागितलेली ही एकच गोष्ट.

असो. मी काही मागत नाही, हकिकत तेवढी कळवली. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो ठेवावा.

आपली,
शेवंती

ता. क. काही मागत नाही असं लिहिलं ते खरं नाही. २० तारखेच्या गुरुवारी सकाळी दहाला ठाण्याला चला. केस बुधवारी धुवा आणि तेलाची बाटली त्या दिवशी शेजारी ठेवायला द्या. माळ घरीच ठेवा.

ता. क. दुसरा. पाकिटावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. पत्र भाऊजींनी स्वतः आणून दाराखालून सरकवलं आहे. आत या म्हटल्याशिवाय येणार नाही, पण अक्काचं वाचून होईपर्यंत जिन्यात थांबतो, असं म्हणाले. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. पत्र फार लांबलं, ते केव्हाचे उभे आहेत.